फेटा सरळ होता

"ह्या दोन हातांखालनं आजवर एक डोस्कं वाकडं भाईर पडलेलं न्हाय, पावणं! आन ह्यो जोतीराम जिता हाय तवर पडायचं न्हाय!"

भर मांडवात एवढं जाहीर करून जोतीरामनं आप्पासोंच्या फेट्याचा शेवटचा पदर खोचला, तुऱ्याला एक टिचकी मारली, दोन पावलं मागं सरला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

समोर बसलेली पाच माणसं एकदम म्हणाली, "वाकडा हाय की!"

जोतीराम हसला. फेटा बांधून झाला की कुणीतरी वाकडा म्हणायचंच. ते आहेरातल्या टॉवेलासारखं असतं. घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं. पण पाचांपैकी एकाच्याही तोंडावर चेष्टा नव्हती. त्यानं मान कलती करून बघितलं. मग मान सरळ करून बघितलं. फेटा वाकडा दिसत होता.

साल एकोणीसशे सत्तावन्न, महिना जून. आप्पासो हातकणंगल्याचे. ऊस घरचा, गुऱ्हाळ घरचं आणि गूळ विकायला कोल्हापूरच्या शाहूपुरीत वखारही घरची. थोरल्या अंजनाचं लग्न त्यांनी त्या वखारीच्या आवारातच मांडलं होतं. त्यामुळं माश्या धरल्या तर हजेरी जंगी होती. माणसं मात्र कमी पडली होती. त्या महिन्यात कोल्हापुरात नवा ताप आला होता. पेपरात त्याचं नाव इन्फ्ल्यूएंझा असं छापून यायचं. गावानं ते तीन दिवस म्हणून बघितलं, जीभ दुखायला लागल्यावर 'फुलू' करून टाकलं आणि घरोघर झोपून घेतलं. बँडातली क्लॅरोनेटसुद्धा तापानं पडली होती. ढोल आणि झांजा एकमेकांच्या तोंडाकडं बघत वाजत होत्या. आलेल्यांतले निम्मे खोकत होते आणि उरलेले निम्मे आपण कसे खोकत नाही हे सांगत होते.

आप्पासोंचाही ताप होऊन गेला होता. पाच दिवस अंगात, मग उतरला, आणि गेला आठवडाभर ते मांडवाच्या बांबूपासून जिलेबीच्या कढईपर्यंत सगळीकडं जातीनं फिरले होते. अक्षता अकरा वाजून वीस मिनिटांनी पडायच्या होत्या. आता दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"सोडतो आन परत बांधतो," जोतीराम म्हणाला. "कापड नवं हाय, खळ धरतंय."

"कापड धरतंय का हात थरथरतोय?" मागनं कुणीतरी विचारलं. "फुलू होऊन गेला न्हवं तुला बी?"

तो टोमणा वर्मी लागला, कारण फुलू खरंच होऊन गेला होता. एरवी जोतीराम महाद्वार रोडवरच्या एका कापडदुकानात गठ्ठे सोडायचा आणि बांधायचा. त्या जोतीरामला कुणी ओळखत नव्हतं. लग्नसराईत मात्र त्याच्यावाचून गावातलं कुठलंही डोकं मांडवात जात नव्हतं. त्याची बायको धोंडुबाई म्हणायची, "साऱ्या गावाची डोस्की सांभाळताय, देवानं तुमच्यात काय घालायचं ऱ्हायलं म्हणून व्हय?" पण तीसुद्धा हे अभिमानानंच म्हणायची. फेट्याचा तो एक लौकिक गेला, तर मागं उरणार होता तो गठ्ठेवाला.

त्यानं नऊ वार कापड पुन्हा पिळलं. फेटा बांधताना कापडाचं एक टोक ज्याचं डोकं त्यानंच धरायचं असतं. सगळी ओढ त्या टोकावर बसते. जोतीरामनं ते आप्पासोंच्या उजव्या हातात दिलं आणि पहिला वेढा ओढला. टोक सुटलं.

"घट धरा की, आप्पासो."

"धल्लंय," आप्पासो म्हणाले.

दुसरा वेढा. टोक परत सुटलं. आप्पासोंनी आपल्या हाताकडं असं बघितलं, जसं एखाद्यानं उसन्या आणलेल्या भांड्याकडं बघावं.

"तोंडात सुपारी हाय व्हय?" जोतीरामनं विचारलं.

आप्पासोंनी मान हलवली. नाही.

इथं जोतीराम पहिल्यांदा आप्पासोंच्या हाताकडं नीट बघायला लागला. त्यानं टोक काढून डाव्या हातात दिलं. डाव्या हातानं ते असं आवळलं की वेढे चोपून बसले. फेटा झाला. जोतीराम मागं सरला. मांडव म्हणाला, "अजून वाकडाच की!" कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं की गेलं ते दिवस, जोतीरामचा हात उतरला.

त्यानं ऐकलं नाही. पुढं होऊन दोन अंगठे त्यानं आप्पासोंच्या दोन भुवयांवर ठेवले. भुवया एका रेघेत. भुवयांपासून फेट्याच्या काठापर्यंत दोन्हीकडं दोन-दोन बोटं. फेटा सरळ होता. सुतारानं ओळंबा लावून बघावा इतका सरळ. मग तो नजर खाली आणत गेला. डोळे सरळ. नाक सरळ. नाकाच्या खाली मात्र ओठांची उजवी कड उतरली होती, भिंतीवरच्या तसबिरीचा एक खिळा निसटावा तशी. तोंड डावीकडं ओढलं होतं, आणि त्याच्या हिशोबानं बघणाऱ्याला वरचा फेटा वाकडा दिसत होता.

हे डोकं त्याच्या ओळखीचं होतं. नेमगोंडाच्या लग्नात, म्हणजे आप्पासोंच्या धाकट्या भावाच्या, त्यानंच ते बांधलं होतं. तेव्हा तोंड असं नव्हतं.

"आप्पासो," तो हळूच म्हणाला, "त्या समोरच्या पावण्याच्या मिशा बघा. लावलेल्या हायत. मगाशी मठ्ठ्यात पडल्या हुत्या, धुऊन परत लावल्या."

आप्पासो हसले. डाव्या बाजूनं हसले. उजवी बाजू तशीच बसून राहिली, जणू तिला विनोद कळला नव्हता.

जोतीरामनं नेमगोंडाला मांडवाच्या खांबाआड ओढलं. नेमगोंडा घाईत होता. त्याच्या हातात नारळ होते आणि डोक्यात तीनशे पानं.

"तुमच्या आण्णांचं तोंड वाकडं झालंय."

"तुझा फेटा वाकडा झालाय."

"फेटा सरळ हाय. डॉक्टर बोलवा."

नेमगोंडानं नारळ खाली ठेवले. ही चांगली खूण नव्हती. "जोत्या, आठ दिस झालं ताप जाऊन. अशक्तपणा हाय. पोरीचं लगीन, रात रात डोळा न्हाय. आन तू, तुला फेटा बसवाय येईना म्हणून आमच्या आण्णाला दुखणं लावतोस? शुभकार्य हाय. तोंड सांभाळ."

"त्येच म्हंतोय. मला दुखणं कळत न्हाय, मला तोंडं कळत्यात."

रत्नाबाई, आप्पासोंच्या बायको, हळदीची वाटी घेऊन चालल्या होत्या त्या थांबल्या. "काय झालं, भावजी?"

"काय न्हाय वैनी, फेट्याचं."

"आक्का," जोतीराम म्हणाला, "सकाळधरनं ह्यांनी काय इचित्र केलं का?"

रत्नाबाईंनी विचार केला. "च्या सांडला सदऱ्यावर. दोनदा सदरा बदलला. मी म्हटलं, पोरगी जाणार म्हणून मन थाऱ्यावर न्हाय." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला, कारण चहा दोन्ही वेळा उजवीकडून सांडला होता हे त्यांना आत्ता दिसलं. पण नेमगोंडा म्हणाला, "अक्षता पडू देत, मग बघू," आणि लग्नघरात 'मग बघू' हा कायदा असतो. रत्नाबाई वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दहा वाजून पंचवीस.

जोतीराम परत गेला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं डोकं उघडं ठेवलं नव्हतं, त्यानं चारचौघांत, पोरीच्या बापाच्या डोक्यावरून, बांधलेला फेटा सोडला. नऊ वार कापड त्यानं गळ्यात टाकलं.

"ह्यांना खुर्चीवरनं उठवू नगा. खायाला काय देऊ नगा. कापड खोटं हाय, बदलून आणतो," असं मोठ्यानं सांगून तो चालायला लागला. आवाराच्या दारापर्यंत चालला. दाराबाहेर पळाला.

हिशोब साधा होता. उघड्या डोक्यानं मुलीचा बाप मांडवात उभा राहणार नाही. आणि दुसरा फेटा कुणी बांधायचा?

मांडवाला पाच मिनिटांत कळलं की पाहुण्यांसमोर बापाचं डोकं उघडं करून फेटेवाला फेट्यासकट पसार झालाय. नेमगोंडानं पायातली वहाण काढून हातात घेतली आणि तोही पळाला.

नृसिंह डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता. बाहेर ओळ लागली होती आणि सगळी ओळ एका तालात खोकत होती. गळ्यात मोतिया रंगाचं नऊ वार कापड घालून जोतीराम घुसला तेव्हा खोकला क्षणभर थांबला.

"काय जोतीराम, डॉक्टरांचं लगीन हाय व्हय?"

"ओळीत या, पावणं! आमी काय हितं वरातीला आलोय?"

तो आत शिरला. नृसिंह डॉक्टर तीन आठवडे झोपले नव्हते, आणि ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ताप किती?"

"ताप न्हाय."

"मग बाहेर."

"फेटा वाकडा बसतोय, डॉक्टर. दोन डाव बांधला."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "यासाठीच मी मुंबईत सहा वर्षं शिकलो," ते शांतपणे म्हणाले. "बोला. फेट्याला कधीपासून त्रास होतोय?"

तेवढ्यात दारात नेमगोंडा उगवला. धापा टाकत, वहाण उगारून. "सोडू नगासा ह्येला! कापड घिऊन पळालाय!"

आता वेळ नव्हता. जोतीरामनं स्वतःच्या ओठाची उजवी कड बोटानं खाली ओढली. तसंच धरून तो बोलला. "आप्पासोंचं तोंड हे असं. भुवया सरळ. कपाळ सरळ. फकस्त नाकाच्या खालती उतरलंय. हसिवलं तर एकच बाजू हसती. उजव्या हातात टोक दिलं की सुटतंय, डाव्यात दिलं की ऱ्हातंय. आन बोलनं, चिकलात पाय रुतल्यावानी."

डॉक्टर उठून उभे राहिले होते. रोग्यानं दुखणं सांगावं कसं याचा हा जिल्ह्यातला उत्तम नमुना होता, आणि तो एका फेटेवाल्यानं दिला होता.

"ताप येऊन गेला का त्यांना?" त्यांनी नेमगोंडाला विचारलं.

"व्हय की. पाच दिस हुता. जाऊन आठ दिस..." नेमगोंडा सांगायला लागला आणि डॉक्टर पिशवी भरायला लागले. पिशवीचा खटका वाजला तसा नेमगोंडाचा आवाज बंद झाला. हातातली वहाण त्यानं खाली टाकली आणि तिच्यात पाय उलट्या बाजूनं घातला.

मांडवात आप्पासो खुर्चीतच होते. रत्नाबाईंनी खुर्चीशेजारी बैठक मारली होती आणि वाढायला आलेल्या दोन ताटांना परत पाठवलं होतं. लोक कुजबुजत होते. उपाध्ये घड्याळ बघत होते.

डॉक्टर समोर स्टुलावर बसले. "डोळे मिटा, आप्पासाहेब. दोन्ही हात पुढं. तळवे वर, प्रसाद घेतल्यासारखे."

दोन हात पुढं आले. डावा राहिला. उजवा हळूहळू खाली जायला लागला, कुणी ढकलत नसताना, आणि आप्पासोंना ते कळत नव्हतं. डोळे मिटून ते दोन्ही हात सरळ धरल्याच्या समाधानात बसले होते. सगळा मांडव तो हात उतरताना बघत होता. ढोल आपोआप थांबला.

"गाव कुठलं आपलं?"

आप्पासोंनी ओठ जुळवले. "हाक... हाकंग..." ते थांबले. परत सुरुवात केली. "हातं..." ज्या गावात पन्नास वर्षं काढली त्या गावाच्या वेशीवरच जीभ अडून राहिली. त्यांनी रत्नाबाईंकडं बघितलं. आता ते घाबरले होते.

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले, आणि नेमगोंडाला बाजूला नेलं. जोतीराम आपला पाठोपाठ गेला. त्याला जा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मेंदूतली रक्ताची एक नळी बंद झालीय."

"ताप छातीत हुता, डॉक्टर! खोकला हुता. डोस्क्याचा काय संबंध?"

"ताप उतरला म्हणजे भांडण मिटलं असं नसतं. अंग या तापाशी भांडतं ना, तेव्हा रक्त दाटतं, नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं. ताप जातो, पण ते महिनाभर रेंगाळू शकतं. दाट रक्ताची गुठळी होते आणि अडकते. सगळ्यांना नाही होत, हजारात एखाद्याला. या महिन्यात मी पाहिलेले हे दुसरे."

नेमगोंडानं बोटानं हवेत एक पाट ओढला. मग म्हणाला, "म्हंजे पाट तुंबला."

"हां. पाट तुंबला. आणि कुठल्या वाफ्याला पाणी जात नाही ते त्यांचा उजवा हात सांगतोय."

"मग गाळ काढा की! काय तरी सुई द्या!"

डॉक्टरांनी पिशवीवर हात ठेवला. "हा गाळ काढायचं औषध माझ्याकडं नाही. मुंबईतही नाही. आडवं ठेवायचं, हलू द्यायचं नाही, तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. गिळणं बिघडलंय. अक्षतांना उभे राहिले असते तर पडले असते, आणि पडले नसते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून तोंडात पेढा कोंबला असता. तो पोटात गेला नसता, श्वासाच्या नळीत गेला असता. आत्ताच्या आत्ता इस्पितळात."

अकरा वाजायला पाच मिनिटं.

अंजना शालूसकट बाहेर आली, बापाच्या खुर्चीशी थांबली आणि आईला म्हणाली, "आव्वा, मी दादांच्या संगं जाणार. ऱ्हाऊ दे लगीन."

रत्नाबाई उठल्या. पदर खोचला. "लगीन हुणार. त्येंनी बांबू न् बांबू हातानं पुरलाय. भावजी, तुमी बाप म्हणून उभं ऱ्हावा. अक्षता पडल्या की आपण समदी जाऊ." मग त्या खुर्चीपाशी वाकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलं का? मी आलेच." यात त्यांचा आवाज एकदाच हलला.

जोतीरामनं गळ्यातलं कापड काढून नेमगोंडाच्या डोक्यावर धरलं. टोक त्याच्या हातात दिलं. नेमगोंडानं ते दोन्ही मुठींत आवळून धरलं आणि खाली बघत राहिला. त्याच्या नाकावरून थेंब ओघळत होते. दोन मिनिटांत फेटा झाला. सरळ झाला की नाही, ते कुणी बघितलं नाही, जोतीरामनंसुद्धा नाही.

घरची माणसं अक्षतांना हवी होती. म्हणून डॉक्टरांच्या मोटारीत मागं आप्पासोंबरोबर जोतीराम बसला. आप्पासोंचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण डोक्याला वजन असतं हे त्याला आज कळत होतं. मागं मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली. आप्पासोंनी ती ओळखली. डोळे मिटले, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांनी डावंउजवं केलं नव्हतं.

तेव्हा जोतीरामच्या मनात आलं ते मग जाईना. औषध नव्हतंच. डॉक्टर स्वतः म्हणाले. मग आपण काय मिळवलं? पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायचं बापाचं एकदाचं सुख आपण सोडून, घडी घालून, गळ्यात टाकून पळालो. पेढ्याचं खरं; पण पेढा आप्पासोंना दिसला नव्हता. त्यांना दिसला होता तो उघडं डोकं करून पळणारा जोतीराम.

दीडच्या सुमाराला सगळं लग्न इस्पितळात आलं. शालू, मुंडावळ्या, हळद, उपाध्येसुद्धा. परिचारिकेनं आत फक्त चारांना सोडलं. ते सोळा झाले. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही. हात येईल, बोलणं येईल, किंवा येणार नाही. त्यांना बोलायला लावू नका."

आणि नेमकं तेव्हाच आप्पासोंनी डोळे उघडले आणि त्यांना बोलायचं होतं.

डावा हात अंजनाच्या हातात होता. तिनं तो कपाळाशी घट्ट धरून ठेवला होता. जावई हात जोडून वाकला. रत्नाबाईंनी कान ओठांशी नेला. नेमगोंडा, डोक्यावर फेटा तसाच, पायाशी उभा राहून म्हणाला, "आण्णा, सांग. मळ्याचं, वखारीचं, तू म्हणशील तसं. शब्दाभाईर जाणार न्हाय." उपाध्यांनी हलकेच जैनांचा णमोकार मंत्र सुरू केला. सोळा माणसं पुढं वाकली.

आप्पासोंची नजर एकेका तोंडावरून गेली. बायको, मुलगी, जावई, भाऊ. कुठं थांबली नाही. भिंतीला टेकून, रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या जोतीरामवर येऊन थांबली.

माणसं बाजूला झाली. जोतीराम पुढं आला. ही शिवी असेल तर ती ऐकायची, अशी त्यानं तयारी केली. गुडघ्यावर बसला. आप्पासोंचा उजवा हात चादरीवर होता. त्याची दोन बोटं वर उठायला बघत होती, तोंडाच्या दिशेनं, आणि जागेवरच राहत होती. ओठांची डावी बाजू हलली. शब्द येत होता, मागं जात होता, परत येत होता. जोतीरामनं त्या तोंडाला आपलं तोंड इतकं जवळ नेलं, जितकं फेटा बांधताना नेत असे.

"ना... नाक," आप्पासो म्हणाले. "खाज... खाजीव की जला."